दोन नायक, एक गोड शेवट आणि वाचकांची भांडणं

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी कॅनडात ‘हीटेड रायव्हलरी’ ही मालिका सुरू झाली. आइस हॉकीतले दोन नामांकित खेळाडू, एक कॅनडाचा, एक रशियाचा; बर्फावर कट्टर वैरी आणि हॉटेलच्या खोल्यांत वर्षानुवर्षं चोरून भेटणारे प्रियकर. बघता बघता मालिकेचा जगभर बोलबाला झाला आणि ती जिच्यावर बेतली आहे ती रेचल रीड यांची २०१९ सालची कादंबरी पुन्हा दुकानांच्या दर्शनी फळीवर आली. जे या वाटेला कधी फिरकले नव्हते असे लोक पुस्तक घेऊन बसले. वाचून झाल्यावर, किंवा त्याआधीच, इतरांची मतं बघायला गेले आणि चक्रावले.

कारण ही सगळी मतं एकाच प्रकारच्या पुस्तकांबद्दल आहेत यावर विश्वास बसत नाही. एक वाचक म्हणते, कथानक असं काही नाहीच, म्हणून तर पाच तारे. दुसरा म्हणतो, असे पुरुष मी तरी पाहिलेले नाहीत. तिसरी वैतागलेली असते, कारण अर्धं पुस्तक संपेपर्यंत नुसत्या चोरट्या नजरा. चौथी वैतागलेली असते, कारण पहिल्याच प्रकरणात सगळं उरकलं. एखादा समलिंगी वाचक लिहितो की हे पुस्तक मला सतराव्या वर्षी मिळायला हवं होतं. त्याच्या खालीच दुसरा समलिंगी वाचक लिहितो की आमच्या आयुष्याची ही साखरपेरणी आता पुरे.

माझं म्हणणं असं, की यातले निम्म्याहून जास्त लोक पुस्तकाच्या बरेवाईटपणावर भांडतच नाहीत. पुस्तक आपल्याला काय देणं लागतं, यावर ते भांडतात. काहींना पुस्तकाने दिलेलं वचन पाळलेलं हवं असतं. काहींना खऱ्या आयुष्याची साक्ष हवी असते. दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण त्या एकाच तराजूत घातल्या की गोंधळ होतो. म्हणून आधी वचनाचं बघू.

## ‘रोमान्स’ म्हणजे नेमकं काय ठरलेलं असतं

आपल्याकडे कुठलीही प्रेमकथा रोमँटिक म्हणवून घेते. इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात मात्र ‘रोमान्स’ या पाटीला ठरलेला अर्थ आहे. १९८० साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने त्याच्या दोनच अटी सांगितल्या: प्रेमकथा हाच पुस्तकाचा कणा असला पाहिजे, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा असला पाहिजे. या दोन अटी पाळून मग आत काय वाटेल ते घाला. खून घाला, भूत घाला, राजवाडा घाला, हॉकी घाला. प्रेमात पडणारे दोघंही पुरुष असतील तर या बाजारात त्याला ‘एमएम रोमान्स’ म्हणतात. मी इथून पुढे साधं समलिंगी प्रेमकादंबरी म्हणतो.

शेवट आधीच माहीत असेल तर वाचायचं कशाला, हा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये. १८८२ पासून आपण ‘सौभद्र’ बघतो आहोत. बलराम काहीही ठरवो, सुभद्रा दुर्योधनाला जाणार नाही, कृष्ण सगळं जुळवून आणणार आणि ती अर्जुनालाच मिळणार, हे पडदा वर जाण्याआधी पिटातल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असतं. तरी लोक रात्र रात्र बसत आणि वन्समोअर मागत. शेवट आधीच कळला अशी तक्रार घेऊन कुणी तिकीटखिडकीवर गेल्याचं ऐकिवात नाही. रस असतो तो आडवळणांत, रुसव्यात, एखाद्या पदाच्या जागेत. प्रेमकादंबरीचा वाचक नेमका याच तयारीने बसलेला असतो. दोघं एकत्र येणार हे नक्की. आता कसे येतात ते दाखव.

म्हणूनच ‘कथानक नाही’ ही त्या वाचकाची तारीफ असू शकते. त्याचा अर्थ असा, की लेखकाने मध्ये अपहरण, अपघात आणि हरवलेला भाऊ आणून दोन माणसांच्या बोलण्याचा वेळ खाल्ला नाही. आणि म्हणूनच एखादी उत्तम लिहिलेली कादंबरी शेवटच्या पानावर नायकाला मारते आणि तरी मुखपृष्ठावर ‘रोमान्स’ अशी पाटी लावते, तेव्हा वाचक चिडून एक तारा देतात. लिखाण वाईट असतं म्हणून नव्हे, पाटी खोटी होती म्हणून.

## गोड शेवटाचा एवढा हट्ट कशाला?

स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत गोड शेवट ही निव्वळ सोय म्हणता येईल. दोन पुरुषांच्या प्रेमकथेत त्याला इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय या वाचकांचा हट्ट कळत नाही.

ई. एम. फॉर्स्टर हे नाव मराठी वाचकाला ‘अ पॅसेज टु इंडिया’मुळे माहीत असतं. हे गृहस्थ १९२१ मध्ये माळव्यातल्या देवास संस्थानच्या थोरल्या पातीत, मराठा पवार घराण्यातल्या महाराजांचे सचिव म्हणून काही महिने राहिले होते. त्याआधी १९१२-१३ च्या भारत प्रवासातही ते देवासला येऊन गेले होते. त्या पहिल्या प्रवासाहून परतल्यावर, १९१३-१४ मध्ये, त्यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली. दोन पुरुष प्रेमात पडतात आणि शेवटी एकत्र राहायला निघून जातात. तेव्हा इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता आणि तो १९६७ पर्यंत गुन्हाच राहिला. फॉर्स्टर यांनी हस्तलिखित जवळच्या मित्रांना दाखवलं, पुन्हा पुन्हा सुधारलं, पण छापलं नाही. ते १९७० मध्ये वारले आणि पुस्तक १९७१ मध्ये आलं. १९६० साली लिहिलेल्या टिपणात त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं आहे की शेवट सुखाचा असणं त्यांना अत्यावश्यक वाटत होतं. त्याशिवाय हे लिहिण्याच्या फंदात ते पडलेच नसते. शेवटी एखादा मुलगा फासावर लटकला असता तर छापायला अडचण आली नसती, असंही ते कडवटपणे म्हणतात.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुःखी शेवट हा अनेक दशकं समलिंगी पात्रांसाठी परवान्यासारखा होता. दाखवा, पण शेवटी मारा. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिलं, धाडसाने लिहिलं, आणि त्यातली, बाईवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. तेंडुलकर परवान्यासाठी लिहीत नव्हते हे उघड आहे. पण वाचणाऱ्या-बघणाऱ्या मुलाच्या हाती जो साठा येतो तो एकूण असा असतो: आपल्यासारख्यांचं शेवटी वाईटच होतं. अशा साठ्यावर वाढलेला वाचक चाळिशीत एखादी हलकीफुलकी कादंबरी वाचून तिला पाच तारे देतो, तेव्हा त्याला साहित्याची जाण नाही असं समजू नये.

याची दुसरी बाजू गंमतशीर आहे. ॲनी प्रू यांची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही कथा १९९७ मध्ये आली आणि तिच्यावरचा चित्रपट २००५ मध्ये. दोन गुराखी, लपवलेलं प्रेम, एकाचा मृत्यू. त्यानंतर लोक प्रूबाईंना स्वतः लिहिलेले ‘दुरुस्त’ शेवट पाठवू लागले, ज्यात दोघं सुखाने नांदतात. २००९ च्या एका प्रदीर्घ मुलाखतीत त्या इतक्या वैतागलेल्या दिसतात की ती कथा लिहिलीच नसती तर बरं, असं म्हणून जातात. त्यांचं म्हणणं होतं की कथा त्या दोघांबद्दल कमी आणि त्या मुलखातल्या समलिंगीद्वेषाबद्दल जास्त आहे. शेवट बदलला की कथाच उरत नाही. बरोबरच आहे. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण ‘मी समलिंगी नाही, पण...’ अशी सुरुवात करत, असंही त्यांनी नोंदवलं आहे. वचनाचा वाचक साक्षीच्या कथेवर जाऊन आदळला की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

## आणि हे बायका का वाचतात?

मतं चाळणाऱ्या नवख्याला बसणारा सर्वांत मोठा धक्का हा असतो. लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत बायका भरपूर. दोन पुरुषांच्या प्रेमात त्यांना काय गोडी?

हे आजचं नाही. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या १९६६-६९ च्या मालिकेच्या चाहत्या स्त्रियांनी कर्क आणि स्पॉक या दोन नायकांच्या प्रेमाच्या कथा लिहून हौशी अंकांतून आपसांत वाटायला सुरुवात केली. छापलेली पहिली कथा १९७४ ची मानतात. योगायोग असा की त्याच सुमारास जपानमध्ये, या अमेरिकन बायकांचा पत्ताही नसताना, मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया यांच्यासारख्या तरुण चित्रकथाकार स्त्रिया मुलींच्या मासिकांत दोन मुलग्यांच्या प्रेमकथा काढत होत्या. पुढे त्यातून जपानची ‘बॉइज लव्ह’ ही अख्खी शाखा फुटली आणि चीन, थायलंडपर्यंत गेली. अमेरिकन धारेतून चाहत्यांच्या कथांचे प्रचंड संग्रह उभे राहिले, आणि आजच्या समलिंगी प्रेमकादंबरीच्या कित्येक लेखिका तिथेच हात बसवून आलेल्या आहेत.

दोन खंडांत एकमेकींना न विचारता बायका एकच गोष्ट लिहू लागतात, तेव्हा कारण काहीतरी खोल असणार. विज्ञानकथालेखिका आणि स्त्रीवादी जोआना रस यांनी १९८५ च्या एका निबंधात त्यावर लिहिलं: बायकांनी बायकांसाठी, प्रेमाने केलेलं हे कामुक लेखन आहे आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही, असा त्याचा रोख. वाचकांच्या बोलण्यातून मला दिसणारं कारण आणखी साधं आहे. स्त्री-पुरुष प्रेमकथेत नायिका आली की वाचक बाईच्या डोक्यात सासू जागी होते. ही फार रडते, ही फार पुढे जाते, हिला काय दिसलं त्याच्यात. नायिकाच नसली की ती सासू घरी राहते. दुसरं म्हणजे, दोन पुरुषांत आधी कोण झुकणार, आधी कोण रडणार, नोकरी कोण सोडणार, स्वयंपाक कोण करणार, याची उत्तरं आधीपासून ठरलेली नसतात. पदरात बांधून मिळालेल्या भूमिका नसलेलं प्रेम बघायला मिळतं. आणि हो, त्यांना ते पुरुष आकर्षकही वाटतात. एवढी साधी गोष्ट मान्य करायला समीक्षक फार वेळ लावतात.

शिवाय ‘बायका’ हा एक गठ्ठा नाही. त्यांत समलिंगी आहेत, उभयलिंगी म्हणजे स्त्री-पुरुष दोघंही आवडणाऱ्या आहेत, स्वतःबद्दल अजून काही न ठरवलेल्या आहेत. आणि लेखकही फक्त बायका नाहीत. अमेरिकेच्या अध्यक्षाचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र यांची बहुचर्चित प्रेमकथा २०१९ मध्ये लिहिणारे केसी मॅक्विस्टन स्वतःला स्त्री किंवा पुरुष यापैकी काहीच म्हणवत नाहीत. टीजे क्लून हे गे पुरुष आहेत आणि त्यांचा चाहतावर्ग मोठा आहे.

## ‘हे खरे गे पुरुष नाहीतच’

आता साक्षीच्या बाजूचा आक्षेप, आणि तो वजनदार आहे. आमचं आयुष्य दुसऱ्यांच्या करमणुकीचा कच्चा माल झालं, असं म्हणणारे समलिंगी पुरुष पहिल्यापासून आहेत. जपानमध्ये १९९२ साली मासाकी सातो या समलिंगी कार्यकर्त्याने एका स्त्रीवादी पत्रिकेत हा वाद पेटवला. दोन स्त्रियांच्या अश्लील फिती बघणारे म्हातारे आणि या कथा वाचणाऱ्या बायका यांत फरक काय, असा त्याचा सवाल होता. त्यावर तिथे अनेक वर्षं घमासान झालं.

अमेरिकेत हाच वाद पुरस्कारांवरून झाला. समलिंगी साहित्यासाठीचे लॅम्डा पुरस्कार आहेत. २००९ मध्ये त्यांनी नियम केला की लेखक स्वतः त्या समूहातला असला पाहिजे. ओरड झाली. २०११ मध्ये नियम बदलून बहुतेक विभागांत पुन्हा पुस्तकाचा आशय पाहायचं ठरलं.

नियम का टिकला नाही, हे पुढच्या दोन घटनांवरून कळतं. बेकी अल्बर्टाली यांनी २०१५ मध्ये समलिंगी शाळकरी मुलावर कादंबरी लिहिली, तिचा चित्रपट झाला, आणि ‘भिन्नलिंगी बाईला हे लिहायचा हक्क काय’ म्हणून वाचक वर्षानुवर्षं त्यांच्यामागे लागले. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपण उभयलिंगी आहोत, आणि हे सांगायची आपली वेळ आपल्याला निवडू दिली गेली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘हार्टस्टॉपर’ या मालिकेतला अठरा वर्षांचा अभिनेता किट कॉनर याच्यावर तीच पाळी आली. ज्या कथांचा गाभाच ‘कुणाला जबरदस्तीने उघडं पाडू नये’ हा आहे, त्यांच्याच वाचक-प्रेक्षकांनी एका पोराला उघडं पाडलं. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत लाजिरवाणा भाग वाटतो.

म्हणून लेखकाचं प्रमाणपत्र तपासण्याच्या मी विरोधात आहे. पुस्तक तपासा. आणि पुस्तक तपासायला बसलं की साक्ष मागणाऱ्यांच्या तक्रारींत दम दिसू लागतो.

पहिली तक्रार, या नायकांना समलिंगी मित्रच नसतात. एखाद्या गावात दोन देखणे पुरुष, जणू पृथ्वीवरचे शेवटचे दोन, बरोबर समोरासमोर राहायला येतात. प्रत्यक्षात समलिंगी माणसाचं आयुष्य मित्रमैत्रिणींच्या जाळ्यावर उभं असतं, कारण घरच्यांचा भरवसा नसतो. ते जाळं काढून टाकलं की उरतं ते कपडे बदललेलं स्त्री-पुरुष जोडपं. दुसरी, बायकांची पात्रं. एक तर कजाग माजी प्रेयसी, नाहीतर टाळ्या वाजवणारी मैत्रीण. बायकांनीच लिहिलेल्या पुस्तकांत हे असावं ही कमाल आहे. तिसरी तक्रार ‘फक्त तुझ्यासाठी’ या जुन्या साच्याबद्दलची. नायकाला आयुष्यभर मुली आवडल्या, आता फक्त हा एक पुरुष आवडतो, पण ‘उभयलिंगी’ हा शब्द तीनशे पानांत एकदाही नाही. यावर वाचकांनी इतकी टीका केली की नव्या पुस्तकांत हे बरंच सुधारलं आहे. हॉकीच्या त्या कादंबरीतला रशियन नायक आपल्याला बायकाही आवडतात हे सरळ सांगतो. शरीरांबद्दल तर बोलायलाच नको, व्यायामशाळेबाहेरचा माणूस या पुस्तकांत अजून दुर्मीळ आहे.

## स्वप्नरंजन म्हणजे खोटं का?

हॉकीचंच घेऊ. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या सर्वोच्च साखळीत खेळत असताना ‘मी समलिंगी आहे’ असं उघडपणे सांगणारा एकही खेळाडू हे लिहीपर्यंत झालेला नाही. २०२१ मध्ये ल्यूक प्रोकॉप या तरुण खेळाडूने ते सांगितलं, तेव्हा त्याचा एका संघाशी करार होता, पण तो साखळीतला सामना खेळलेला नव्हता. आणि कादंबऱ्यांमध्ये मात्र समलिंगी हॉकीपटूंची रीघ लागली आहे. हे खोटं नाही का?

माझं उत्तर: किंमत दाखवली असेल तर नाही. त्या कादंबरीतला रशियन नायक आपलं प्रेम उघड झालं तर मायदेशी परत जाता येणार नाही या भीतीखाली जगतो. रशियात समलिंगी संबंधांच्या ‘प्रचारा’विरुद्धचा कायदा २०१३ मध्येच आला होता. पुस्तक आलं २०१९ मध्ये, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तथाकथित ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवून टाकली. म्हणजे त्या पात्राची भीती पुस्तकातल्यापेक्षा वास्तवात जास्त खरी झाली. गोड शेवट असलेल्या पुस्तकालाही साक्ष देता येते ती अशी, आडून. ज्या पुस्तकात एक पत्रकार परिषद घेतली की मालक, प्रशिक्षक, प्रेक्षक आणि आईवडील सगळे एका पानात विरघळतात, त्याला मी स्वतः कमी तारे देईन. शेवट गोड आहे म्हणून नाही, फुकट मिळाला म्हणून.

## तारे आणि शेरे कसे वाचायचे

आता व्यवहाराचं. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर तीन ताऱ्यांचा अर्थ ‘आवडलं’ असा दिलेला आहे. दोन म्हणजे ‘ठीक’, पाच म्हणजे ‘अफलातून’. आपण शाळेच्या सवयीने पाचापैकी तीन म्हणजे साठ टक्के, जेमतेम, असं वाचतो आणि चांगली पुस्तकं सोडून देतो.

शेऱ्यांत सतत येणारा शब्द ‘ट्रोप’, म्हणजे वाचकाच्या ओळखीचा कथेचा सांगाडा. वैऱ्यांचे प्रियकर होणं, प्रेमाचं नाटक करता करता खरं प्रेम जमणं, वादळात अडकल्यावर खोलीत एकच पलंग निघणं. नवख्याला ही घिसीपिटी यादी वाटते. वाचकांना ती मेन्यूकार्डासारखी उपयोगी असते. म्हणून एखाद्याने ‘संथ आच, शेवटी शेवटी एकच चुंबन’ म्हणून दोन तारे दिले असतील तर ती तुमच्यासाठी शिफारसही असू शकते. कमी ताऱ्यांचे शेरे आधी वाचावेत, कारण त्यांत कारणं असतात. पाच ताऱ्यांच्या शेऱ्यांत नुसत्या किंकाळ्या.

पुस्तकं उगाच लांबवलेली आहेत, ही तक्रारही वारंवार दिसते. तिचं एक कारण पैशात असावं. यातली बरीच पुस्तकं लेखक स्वतःच काढतात आणि किंडल अनलिमिटेड या मासिक वर्गणीच्या योजनेत ठेवतात. २०१५ च्या जुलैपासून तिथे लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांवर पैसे मिळतात. पानावर मोल ठरलं की पानं वाढतात. संपादकाचा हात फिरलेला नसणं ही त्याच्याच जोडीची तक्रार.

## ‘शेवटी हे सगळं अश्लीलच ना?’

काही पुस्तकं उघडीवाघडी आहेत, काही अजिबात नाहीत. ‘हार्टस्टॉपर’ ही ॲलिस ओसमन यांची चित्रकथा शाळेतल्या दोन मुलांची आहे आणि ती किशोरवयीनांसाठीच लिहिलेली आहे. हॉकीवाली कादंबरी प्रौढांसाठी आहे आणि तिच्यात शय्यादृश्यं भरपूर आहेत. पण तिथे दोघांना आधी फक्त शरीराचीच भाषा येते आणि प्रेमाची भाषा शिकायला वर्षं लागतात. ती दृश्यं काढली तर गोष्ट कळणार नाही. सगळ्याच पुस्तकांबद्दल असं म्हणता येत नाही, कित्येकांत ती दृश्यं केवळ अपेक्षित असतात म्हणून येतात, आणि ती ओलांडून पुढे गेल्याचं वाचक बिनदिक्कत लिहितात. मुलांच्या हाती देण्याआधी वयोगट बघावा. याहून जास्त या आक्षेपात काही नाही.

## मराठीत हा गोड शेवट कसा दिसेल?

मराठीत समलिंगी प्रेमावर लिहिलेलं आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली. पुण्यातल्या एका घरात भाडेकरू म्हणून आलेल्या मुलावर भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली, मग चित्रपट झाला, आणि जगभरचे प्रेमकादंबऱ्यांचे वाचक ‘रोमान्स’ समजून तिच्याकडे आले. काहींचा हिरमोड झाला, आणि होणारच; त्या कादंबरीने कुणाला जोडी जुळवून द्यायचं वचन दिलंच नव्हतं. ती विरहाची कादंबरी आहे, आणि तशी वाचली तर आपल्या भाषेतल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी एक आहे.

वचन देणारी, निव्वळ करमणुकीची, शेवटी दोघांना एकत्र आणणारी मराठी समलिंगी प्रेमकादंबरी लिहायची ठरवली तर लेखकाला एक तांत्रिक अडचण येईल. अमेरिकन कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात हल्ली सर्रास लग्न असतं, कारण तिथे जून २०१५ पासून देशभर ते कायदेशीर आहे. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा फास सुटला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या. म्हणजे मांडव, अक्षता, नोंदणी, यातलं काहीही घातलं तर कायद्याच्या दृष्टीने ते नाटकच. आयातीचा शेवट इथे बसत नाही.

पण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला कोणतीही आडकाठी नाही. त्याच सुमारास अन्न विभागाने राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. प्रत्यक्षात पुरवठा कार्यालयातल्या खिडकीवर काय अनुभव येईल तो भाग निराळा. पण कादंबरीकाराला हवी ती सगळी सामग्री त्या खिडकीवर आहे. दोन नायक, भाडेकराराची झेरॉक्स, नातं या रकान्यापाशी अडलेला कारकून, मागे खोळंबलेली रांग, आणि त्या रांगेत नेमक्या उभ्या असलेल्या शेजारच्या काकू, ज्या तीन प्रकरणांपासून संशयाने बघताहेत. कारकुनाने शेवटी शिक्का मारला की झालं वाचकाला दिलेलं वचन पूर्ण. आणि काकूंचं तोंड उघडायचं की बंद ठेवायचं, एवढंच लेखकाने ठरवायचं.